भिंत ढकलताना घाम का येतो : सार्कोमिअर मॉडेलच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली, नववीला कार्य आणि ऊर्जा घेत होतो. नेहमीचं उदाहरण दिलं, भिंत ढकलणारा माणूस, भिंत हलत नाही म्हणजे विस्थापन शून्य म्हणजे कार्य शून्य. मागच्या बाकावरचा एक मुलगा रोज पहाटे तालमीत जातो, तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कार्य शून्य तर मग घाम कशाचा?" मी म्हटलं ऊर्जा खर्च होते ना. तो म्हणाला, "पण कशावर?"

वर्षानुवर्षं हे उदाहरण देतोय आणि या प्रश्नाचं नीट उत्तर मी कधी दिलेलं नाही हे तेव्हा लक्षात आलं. शरीर थकतं, स्नायूंना ऊर्जा लागते, असं काहीतरी बोलून पुढे गेलो आणि घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. डिसेंबरात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे, दरवर्षी तेच ज्वालामुखी आणि पवनचक्की, यंदा स्नायू कसा आखडतो याचं चालणारं मॉडेल करायचं ठरवलं. पाच मुलं तयार झाली, दोन मुली तीन मुलगे, आणि तो तालमीतला त्यात आहेच.

आज घरी बसून माप ठरवलं. स्नायूच्या तंतूच्या आत आणखी बारीक दोऱ्या असतात आणि त्या दोऱ्यांवर एकसारखे कप्पे, एकेक कप्पा म्हणजे सार्कोमिअर, साधारण २.२ मायक्रॉन लांब (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मधोमध मायोसिन नावाच्या प्रथिनाचे जाड तंतू, लांबी १.६ मायक्रॉन. दोन्ही टोकांच्या भिंतींना धरून आत येणारे ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे पातळ तंतू, प्रत्येकी साधारण १ मायक्रॉन (हे बेडकाचं माप, माणसात पातळ तंतू थोडे लांब असतात, पण बहुतेक जुने प्रयोग बेडकावरचे म्हणून तेच धरलं). स्केल घेतलं १ मायक्रॉन म्हणजे ४० सेंमी, मॉडेल झालं ८८ सेंमीचं, टेबलावर बसतं. मग सहज हिशोब केला, याच स्केलने दंडाच्या बायसेप्समधला १० सेंमीचा एक तंतू केला तर ४० किलोमीटर होईल, म्हणजे कोल्हापुरातून निघालेला तंतू जवळजवळ निपाणीत संपेल आणि आमचं मॉडेल म्हणजे त्यातला एक कप्पा. पोरांना उद्या हे आधी सांगणार.

१२ नोव्हेंबर

मॉडेलमधून नक्की काय दिसलं पाहिजे यावर आज सगळा वेळ गेला, आणि गेला ते बरंच झालं. मुलांच्या डोक्यात (आणि खरं सांगायचं तर माझ्याही) स्नायू आखडतो म्हणजे आतलं काहीतरी स्प्रिंगसारखं गोळा होतं असं चित्र होतं. शास्त्रज्ञही पूर्वी असंच काहीसं मानायचे, प्रथिनाची घडी पडते वगैरे. मग १९५४ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन लेख आले, एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ निडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नाही, दोघं वेगवेगळ्या ठिकाणी काम करत होते, आणि दोघांनाही तेच दिसलं : स्नायू आखडतो तेव्हा सूक्ष्मदर्शकातला गडद पट्टा, म्हणजे जाड तंतूंचा भाग, आहे तेवढाच राहतो, फिकट पट्टा तेवढा अरुंद होतो. म्हणजे कुठलाच तंतू लहान होत नाही, ते एकमेकांत सरकतात.

एका मुलीने हे दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालून दाखवलं, बोटं तेवढीच, तळवे जवळ आले. याच्यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं. मॉडेलमध्ये तंतूंवर सेंटिमीटरच्या खुणा रंगवायच्या म्हणजे बघणाऱ्याला कळेल की लांबी बदललेली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिलं मॉडेल फसलं. लिहून ठेवतो कारण फसण्यातूनच खरी गोष्ट कळली.

जाड तंतूच्या जागी २५ मिमीचा वायरिंगचा पाइप, ६४ सेंमी. ॲक्टिनसाठी सागाच्या पट्ट्या ४० सेंमीच्या, त्यावर दर दीड सेंमीला करवतीने खाचा. टोकाच्या भिंती म्हणजे दोन फळ्या, ड्रॉवरच्या चॅनेलवर बसवल्या म्हणजे सहज सरकतात. मायोसिनची डोकी (जाड तंतूतून बाहेर आलेली, ॲक्टिनला धरून ओढणारी टोकं) म्हणजे पाइपात आडव्या बसवलेल्या पितळी तारेचे हूक, प्रत्येक बाजूला चार, सगळे एकाच दांड्याला जोडलेले आणि दांडा हँडलने फिरतो. खऱ्या जाड तंतूवर मायोसिनचे सुमारे ३०० रेणू असतात, प्रत्येकाला दोन डोकी, आमची सगळी मिळून आठ.

फळीला दोरी बांधून कप्पीवरून २ किलोचं वजन लोंबतं सोडलं. हँडल फिरवलं, हूक खाचेत बसले, फळी छान दीड सेंमी आत आली, वजन उचललं गेलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढची खाच धरायला हूक वर उचलले गेले तसं वजन धाडकन खाली आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच, तिसऱ्या वेळी एक हूक वाकडा झाला.

सगळे खिन्न होऊन बसलो होतो तेव्हा तालमीतला म्हणाला, "सर, रस्सीखेचीत सगळ्यांनी एकदम हात सोडला तर हरणारच की." एवढंच बोलला तो. मी हातातला पाना खाली ठेवला.

स्नायूत डोकी एका तालावर चालत नाहीत. काही धरून असतात, काही ओढून झालेली असतात, काही सोडून पुढे सरसावलेली असतात, आणि म्हणून तंतू मागे घसरत नाही. बाहेरून आपल्याला एकसलग ओढ जाणवते ती आतल्या या आगेमागे चाललेल्या धरसोडीची बेरीज आहे. हे मी वाचलेलं होतं पण २ किलोचं वजन पायाशी पडेपर्यंत मला ते समजलेलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर

एका मुलीचे वडील उद्यमनगरात लेथवर असतात, त्यांनी दोन दिवसांत आठ कॅम (फिरताना हूक वरखाली करणाऱ्या चकत्या) काढून दिले, पैसे घेतले नाहीत. आता एका बाजूचे चार हूक एकमेकांपासून ९० अंश पुढेमागे. हँडल फिरवलं की कुठल्याही क्षणी निदान दोन हूक खाचेत असतातच. वजन गेलं वर, थांबलं तिथेच, ३ किलोसुद्धा गेलं.

एक गोष्ट बोर्डावर प्रामाणिकपणे लिहायची आहे. खरं डोकं एका झटक्यात साधारण ५ ते १० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) ओढतं, आमच्या स्केलने ते २ ते ४ मिमी, आम्ही दीड सेंमी ठेवलंय म्हणजे चार ते साडेसात पट फुगवलंय. तंतूंची जाडीसुद्धा फुगवलेली आहे, खरा जाड तंतू या स्केलला पेन्सिलीपेक्षा बारीक, ६ मिमीचा झाला असता. चुकीचं शिकवण्यापेक्षा फुगवलंय असं सांगितलेलं बरं.

२३ नोव्हेंबर, रविवार

पहाटे साडेपाचला तालमीत. वस्तादांना आधी विचारून ठेवलं होतं, त्यांनी व्यायाम संपल्यावर अर्धा तास दिला.

सामान मोजायचा डिजिटल काटा खाली कडीला बांधला, पट्टा मनगटाला, कोपर टेबलावर टेकवून जोर लावायचा आणि आकडा वाचायचा. आमच्या मुलाचं कोपर ९० अंशात असताना १६ किलो आले, हात बराच सरळ करून ११, पूर्ण दुमडून १०. प्रत्येक वेळी तीनदा घेतलं, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती.

यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत हे मुलांना सांगितलं. एक म्हणजे तरफ, कोन बदलला की स्नायूच्या ओढीचं कोपरापासूनचं अंतर बदलतं. दुसरी म्हणजे तंतूंची गुंतवण, आणि ती आमच्या मॉडेलवर उघड दिसते : फळ्या ओढून १४४ सेंमीपर्यंत नेल्या की पट्ट्या पाइपाच्या बाहेर निघतात, हूकांना धरायला काहीच नाही, ताकद शून्य. फळ्या आत ८० सेंमीच्या खाली रेटल्या की समोरासमोरच्या पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि अडवतात. १९६६ मध्ये गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या एकेका तंतूवर हे मोजलं, २.० ते २.२ मायक्रॉनला सगळ्यात जास्त ओढ आणि ३.६५ ला काहीच नाही. आमचे ८० ते ८८ सेंमी आणि १४४ सेंमी त्याच्याशी जुळतात, लाकडी पट्ट्या असून जुळतात, मला याचा इतका आनंद झाला की तिथेच वहीवर आकृती काढून वस्तादांना दाखवली.

वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, हात द्या." त्यांनी माझी मूठ आवळायला लावली आणि मनगट हळूहळू आतल्या बाजूला वाकवत नेलं. पूर्ण वाकल्यावर मूठ आपोआप ढिली झाली, कितीही आवळली तरी आवळेना. "समोरच्यानं पकड घातली की आधी मनगट मोडायचं, मूठ सुटती." हे त्यांना त्यांच्या वस्तादांनी शिकवलेलं. बोटं मिटवणारे स्नायू कोपराजवळून निघून मनगटावरून जातात, मनगट आत वाकवलं की ते आधीच आखूड झालेले असतात, त्यात मागचे बोटं उघडणारे स्नायू ताणले जाऊन बोटं मागे ओढतात, मग मूठ आवळायला ओढ उरतच नाही. कुणीही बसल्याजागी करून बघावं, उपकरण लागत नाही.

तरफेचा हिशोब शाळेत फळ्यावर केला. बायसेप्सची शीर कोपरापासून साधारण ४ सेंमीवर हाडाला लागते, आमचा पट्टा २४ सेंमीवर होता, म्हणजे काट्यावर १६ किलो दिसले तेव्हा आतल्या स्नायूंनी मिळून सहापट, जवळजवळ १०० किलोची ओढ लावली होती. नववीतलं पोरगं. वर्गात एकदम शांतता.

२७ नोव्हेंबर

आज मॉडेलला कुलूप बसवलं. डोकी सदैव तयारच असतात, मग स्नायू सदैव आखडलेला का नसतो? कारण ॲक्टिनवरच्या धरायच्या जागा झाकलेल्या असतात, ट्रोपोमायोसिन नावाची लांब दोरी त्यावर आडवी पडलेली असते. मेंदूकडून मज्जातंतूतून इशारा आला की स्नायूपेशीतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम सुटतं, ते दोरीला जोडलेल्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, दोरी बाजूला सरकते, जागा मोकळ्या. जपानच्या सेत्सुरो एबाशींनी १९६०च्या दशकात ट्रोपोनिन शोधलं. आम्ही पट्टीच्या खाचांवर पत्र्याची भोकं पाडलेली सरकती पट्टी लावली, लाल खटका दाबला की भोकं खाचांसमोर येतात. खटका सोडला की हूक पत्र्यावर नुसते घासत राहतात. सगळ्यांनी पन्नास वेळा दाबून बघितलं.

एका इशाऱ्याने स्नायूला एकच झटका बसतो आणि तो लगेच ढिला पडायला लागतो. ढिला पडायच्या आत पुढचा इशारा, मग पुढचा, असे सेकंदाला तीस-चाळीस आले की झटके एकमेकांत मिसळून ओढ सलग होते. हे ऐकूसुद्धा येतं. दोन्ही अंगठे हलकेच कानांत घालायचे आणि मुठी घट्ट आवळायच्या, लांबवर ट्रक चालल्यासारखी घरघर येते. हात सैल सोडले की बंद. ती आपल्या स्वतःच्या स्नायूंची थरथर आहे. रात्री आईला करायला सांगितलं, तिला ऐकू आलं, तिने परत परत केलं.

३० नोव्हेंबर, रविवार

घरी कोंबडी आणली होती, सकाळी आठला कापलेली, तंगडी हातात घेतली तर सांधा कसाही वाकत होता. अकराच्या सुमारास तीच तंगडी ताठ, वाकवायला जोर लागला. मी स्वयंपाकघरात दर अर्ध्या तासाने जाऊन वाकवून बघत होतो, आई म्हणाली मग शिजवायची कधी.

याचं कारण मॉडेल दाखवत नाही आणि ते दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. एटीपी हे स्नायूचं इंधन हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते कुठे लागतं? आम्ही सगळे समजत होतो धरून ओढायला. खरं तर डोकं ॲक्टिनला धरून ओढून झालं की तिथेच घट्ट बसून राहतं, नवा एटीपीचा रेणू येऊन चिकटला की मगच ते सोडतं. सुटल्यावर एटीपी फुटतो आणि त्या ऊर्जेने डोकं पुन्हा ताणून तयार होतं, जसा खटका ओढून ठेवावा तसा, मग पुढची जागा धरतं आणि झटका देतं. जीव गेला की एटीपी बनायचं थांबतं, डोकी धरलेली ती धरलेलीच राहतात, म्हणून ताठरणं. एक-दोन दिवसांनी प्रथिनंच सुटायला लागतात तेव्हा ते जातं.

सोडायला इंधन लागतं हे पोरांना सांगितल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. मॉडेलमध्ये प्रत्येक हूक उचलला गेला की छोटा एलईडी लागतो असं केलं, एक उजेड म्हणजे एक एटीपी.

४ डिसेंबर

ग्राउंडवर दोरी. भंगारवाल्याकडचा ३०० किलोचा लटकता काटा दोन दिवसांसाठी आणला, दोरीच्या मधोमध बांधला, एका बाजूला आमची पाच मुलं म्हणजे मायोसिन, दुसऱ्या बाजूला दहावीची मोठी टोळी. नियम एकच, आमच्यांनी हातावर हात टाकत ओढायचं, आणि एकाच वेळी सगळ्यांनी सोडायचं नाही.

दहावीवाल्यांनी दोरी अडवून धरली, कोणीच हलेना, तेव्हा आकडा मोठा. त्यांनी हळूहळू दोरी सोडली तशी आमची हात टाकत ओढू लागली, आकडा उतरला. त्यांनी भराभर सोडली तेव्हा निम्म्याच्याही खाली, कारण जलद ओढताना निम्मे हात हवेतच असतात, दोरीवर नसतातच. ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवर ताकद आणि वेगाचं हेच नातं मोजलं होतं. म्हणून हलकी पिशवी झटकन उचलता येते आणि सिमेंटचं पोतं सावकाशच उचलावं लागतं.

मग उलटं केलं. आमची घट्ट धरून उभी आणि दहावीवाल्यांनी त्यांना फरफटत नेलं, आकडा सगळ्यात वर गेला. स्नायूतही असंच होतं, आवळलेला स्नायू बाहेरून ताणला गेला तर तो स्वतः ओढेल त्यापेक्षा जास्त बल सोसतो, आणि एटीपी उलट कमी लागतं कारण डोकी ताणानेच उपटली जातात. त्यात काही कप्प्यांना इजा होते. जोतिबाच्या पायऱ्या चढताना दम लागतो पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे, आणि तालमीत नव्या पोराला बैठकांनंतर जिना उतरवत नाही तेही त्यामुळेच.

८ डिसेंबर

आज पुन्हा नववीवर तास होता, भिंतीपाशी परत आलो.

भिंत ढकलताना दंडामागचा ट्रायसेप्स कोपराचं हाड मागून ओढत असतो, म्हणजे ढकलणं आपलं, स्नायू मात्र ओढतोच आहे, त्याला दुसरं काही येत नाही. हात हलत नाही म्हणून फळ्या हलत नाहीत. पण डोकी थांबलेली नसतात. धरतं, ओढतं, थोडासा लवचीक ताण देतं, एटीपी येतो, सुटतं, परत धरतं. प्रत्येक फेरीला एक एटीपी. शिवाय सुटलेलं कॅल्शियम परत पिशवीत भरणाऱ्या पंपांना वेगळा एटीपी. भिंतीवर कार्य शून्य, ते बरोबरच आहे, आणि खर्च झालेली ऊर्जा सगळी शेवटी उष्णता होते, त्या उष्णतेचा घाम. मॉडेलच्या फळ्या क्लँपने अडकवून टाकल्या, पाइप स्प्रिंगवर लोंबता असल्याने हूक जागच्या जागी धरसोड करत राहिले, एकही फळी हलली नाही, आणि एलईडी लुकलुकत होते. मुलगा पुढे येऊन उकिडवा बसला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, धरून ठेवणं हेच काम आहे."

एकेका डोक्याची ओढ १९९४ मध्ये लेझरच्या चिमट्यात रेणू धरून मोजली गेली, ३-४ पिकोन्यूटन (पिकोन्यूटन म्हणजे एका न्यूटनाचा एक लाख कोटीवा भाग). त्यावरून फळ्यावर भागाकार केला, १०० किलोची ओढ म्हणजे सुमारे १००० न्यूटन, भागिले ४ पिकोन्यूटन, आलं २५० लाख कोटी. स्नायूच्या एका आडव्या थरात, एकाच क्षणी, इतकी डोकी धरून असली पाहिजेत. लांबीत कप्पे वाढवले तर ही संख्या वाढत नाही, साखळीच्या कड्या वाढवून साखळी मजबूत होत नाही तसं, त्याने आखडण्याचा वेग आणि पल्ला वाढतो. ताकद वाढते जाडीने. तालमीतल्या मुलाने लगेच स्वतःचा दंड बघितला.

१४ डिसेंबर, रविवार

परवा प्रदर्शन झालं. मॉडेल दिवसभर चाललं, एक हूक दुपारी निसटला तो मुलींनीच बसवला. परीक्षकांपैकी एका बाईंनी चांगला प्रश्न विचारला, खटका सोडल्यावर तुमच्या फळ्या मागे कशा जातात? आम्ही हाताने मागे ओढत होतो. खऱ्या शरीरात समोरचा स्नायू ओढून मागे नेतो, बायसेप्सला ट्रायसेप्स, ते मुलांनी सांगितलं. पण स्नायू फार ताणला गेला तर त्याला परत आणणारं आणि जाड तंतू मधोमध राखणारं आणखी एक प्रथिन आत असतं, टायटिन, माणसाच्या शरीरातलं सगळ्यात मोठं प्रथिन, कप्प्याच्या भिंतीपासून थेट मध्यापर्यंत जाणारं. ते आमच्यात नव्हतं, पाइप आम्ही नुसता वरून लोंबता ठेवला होता.

आज त्यावर बसलो. सायकल स्टँडच्या स्प्रिंगा फार कडक निघाल्या, हूक फळी ओढेनात. बॉलपेनच्या स्प्रिंगा एकाला एक जोडून बघितल्या, त्या ११० सेंमीच्या पुढे सुटून येतात. पडद्याची पांढरी आवरणवाली स्प्रिंग मिळते ती दोन्ही बाजूंना पाइपाच्या टोकापासून फळीपर्यंत लावली, ८८ सेंमीला सैल, १०० च्या पुढे ताण यायला लागतो, आणि पाइप आपोआप मधोमध उभा राहतो. १२० पर्यंत ओढून सोडलं की फळ्या स्वतःहून आत येतात, ९१ वर थांबतात. चॅनेलला तेल दिलं तर ८९.